निसर्गोपचाराला जाताय? गोळ्यांची पिशवी सोबत घ्या

ठाण्याच्या नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी मी शटर वर करून जेमतेम उदबत्ती लावली होती, तेवढ्यात ओळखीच्या एक काकू भाजीची पिशवी छातीशी धरून आल्या आणि काहीच न मागता पायरीवर बसल्या. हात थरथरत होते, कपाळावर घाम, बोलणं अडखळत. मशीन काढून बोटाला सुई टोचली. साखर ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली तर ८६. मग काकूंना कंठ फुटला.

"अरे, रसाहाराचा तिसरा दिवस आहे माझा. निसर्गोपचार सुरू केलाय ना, गुडघ्यांसाठी."

"आणि साखरेची गोळी?"

"ती घेतली की सकाळी. ती कशी चुकवेन?"

काकूंची गोळी ग्लिमेपिराइडची. पोटात अन्न असो नसो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. दोन दिवस नुसत्या काकडी-दुधीच्या रसावर असलेल्या शरीरात तिने काय केलं, ते मशीनवर दिसलंच. मी विचारलं, "तिथल्या डॉक्टरांना माहीत आहे का ही गोळी?" काकू म्हणाल्या, "त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. म्हटलं, उगाच ओरडतील."

हे 'उगाच ओरडतील' दोन्ही बाजूंनी चालतं. निसर्गोपचाराच्या डॉक्टरपासून गोळ्या लपवायच्या आणि फॅमिली डॉक्टरपासून निसर्गोपचार लपवायचा. काउंटरच्या आत इतकी वर्षं उभं राहून मला जे अपघात दिसले, त्यातले बरेचसे या लपवाछपवीचे होते. माती किंवा पाणी सहसा कुणाला मारत नाही.

निसर्गोपचाराशी माझं भांडण नाही, मी स्वतः जातो. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला काय ठाऊक असावं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझीही एक फजिती टळली असती. तीही पुढे सांगतो.

हे नेमकं असतं काय

आपल्याकडे निसर्गोपचार, आयुर्वेद, योग आणि आजीचा काढा हे सगळं एकाच डब्यात टाकलं जातं. निसर्गोपचार त्यातला सगळ्यात वेगळा, कारण त्यात औषधच नसतं. आयुर्वेदात काढे, चूर्णं, भस्मं असतात. भारतातला शुद्ध निसर्गोपचार बिनऔषधाचा मानला जातो. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच तत्त्वांची मांडणी करून माती, पाणी, ऊन, मोकळी हवा आणि उपवास ही त्याची साधनं. पोट रिकामं ठेवणं म्हणजे आकाशतत्त्व, ही कल्पना मला फार आवडते. त्यामुळे निसर्गोपचाराच्या दवाखान्यातून तुम्ही बिनलेबलच्या पुड्या नाहीतर काळ्या गोळ्या घेऊन बाहेर पडलात, तर तिथेच थबकून विचारायला हवं की यात काय आहे. अशा पुड्यांमध्ये कधीकधी स्टेरॉइड निघतं. गुडघे दोन दिवसांत उड्या मारायला लागले की मला तरी आनंद होण्याआधी तीच शंका येते.

इंटरनेटवर वाचून जाणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिका-कॅनडातला 'नॅचरोपॅथ' वेगळा. तिकडे वनस्पतींचे अर्क, व्हिटॅमिनच्या बाटल्या, काही राज्यांत तर औषधं लिहून द्यायचाही अधिकार असतो. तिथलं वाचून इथे अपेक्षा ठेवली तर गोंधळच होणार.

आपल्याकडचा निसर्गोपचार बराचसा जर्मनीतून गांधीजींमार्फत आला. लुई कुने हा लाइपझिगचा गृहस्थ, थंड पाण्याच्या टबात कंबर बुडवून बसायचं कटिस्नान त्याचं. गांधीजींनी त्याचं नि अॅडॉल्फ जुस्टचं वाचलं आणि आयुष्यभर पोटावर मातीची पट्टी ठेवली. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ हा ऑल इंडिया नेचर क्युअर फाउंडेशन ट्रस्टशी गांधीजी जोडले गेल्याचा दिवस, म्हणून आता १८ नोव्हेंबरला निसर्गोपचार दिन असतो. ताडीवाला रोडवरच्या त्याच 'बापू भवन'मध्ये आज केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला आश्रम सुरू केला, तो पुढे त्यांचे अनुयायी मणिभाई देसाईंनी वाढवला. ठाण्यातली किती तरी मंडळी आजही दहा दिवसांची रजा टाकून तिकडे जातात आणि परत आल्यावर महिनाभर सगळ्यांना उकडलेल्या भाज्यांची महती सांगतात.

पण गांधीजींचीच दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स. त्यांना ससूनला हलवलं आणि कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने रात्री ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. निसर्गोपचारावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसाने त्या रात्री मातीची पट्टी मागितली नाही, संमतीच्या कागदावर सही केली.

पाटीवरची अक्षरं

ठाण्यात योगाची परंपरा जुनी आहे. घंटाळी मित्र मंडळ, अंबिका योग कुटीर यांच्या वर्गांना न गेलेलं घर नौपाड्यात सापडणं कठीण. त्यामुळे योगशिक्षक आणि निसर्गोपचाराचे डॉक्टर यांतला फरक आपण फारसा करत नाही. करायला हवा.

निसर्गोपचाराची पूर्ण पदवी आहे बी.एन.वाय.एस., म्हणजे बॅचलर ऑफ नॅचरोपॅथी अँड योगिक सायन्सेस. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, रोगनिदान हे सगळं त्यांना शिकावं लागतं. कर्नाटक, तमिळनाडूकडे अशी कॉलेजं बरीच, म्हणून आपल्याकडच्या चांगल्या केंद्रांत डॉक्टर पुष्कळदा तिकडून शिकून आलेले असतात. याउलट पत्राने किंवा शनिवार-रविवारच्या वर्गांतून करायचे डिप्लोमाही आहेत, नि पाटीवर नावामागे जी 'एन.डी.' वगैरे अक्षरं असतात ती अनेकदा त्यांची. डिप्लोमावाला माणूस वाईटच असतो असं नाही. मालिश आणि मातीचे लेप करणारे कितीतरी अनुभवी हात असे आहेत. पण तुमचा ईसीजी वाचून 'आज वाफ नको' म्हणण्याचं शिक्षण त्याला मिळालेलं असेलच असं धरून चालता येत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) यांच्यासाठी २०२० चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आहे. योग आणि निसर्गोपचार त्यात घेतलेले नाहीत. आयुष मंत्रालयाच्या नावातला 'य' योगाचा, निसर्गोपचार त्याच्याच पदराखाली, तरीही नोंदणीचं काम राज्यांवर राहिलं. कर्नाटकात नोंदणीची व्यवस्था जुनी आहे, सगळीकडे तशी नाही. म्हणून 'सरकारमान्य' ही पाटी वाचून समाधान मानू नका. सरळ विचारा: पदवी कोणती, किती वर्षांची, कॉलेज कुठलं, नोंदणी आहे का? चांगला डॉक्टर हे प्रश्न ऐकून चिडत नाही, भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवतो.

पहिली भेट

पहिल्या भेटीला वेळ काढून जा. एमडी डॉक्टरकडे सात मिनिटं मिळाली तर आपण धन्य मानतो, इथे पाऊण तास सहज जातो. झोप किती वाजता, जाग किती वाजता, शौचाला रोज होतं का, भूक लागते की घड्याळ बघून जेवता, पाणी किती, घाम कसा, रात्रीचं जेवण आणि झोप यांत किती अंतर. जीभ बघतात, पोट दाबून बघतात. मला विचारलं होतं, "दुकानात दिवसभर उभे राहता ना? मग जेवताना बसता की तेही उभ्यानेच?" सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला लाज वाटली.

माझ्या मते निसर्गोपचारातलं निम्मं औषध या पाऊण तासात आहे. मीठ कमी, रात्रीचं जेवण लवकर, भाज्या जास्त, चालणं, झोप. यांतल्या एकाही गोष्टीला कुठलाही हृदयरोगतज्ज्ञ नाही म्हणणार नाही. फरक एवढाच की इथे ते कागदावर लिहून देतात आणि आठ दिवसांनी विचारतात की केलं का.

मग पट्टी. मातीबद्दल लोकांना उगाच धास्ती असते. चांगल्या केंद्रातली माती रस्त्याकडेची नसते. जमिनीखाली तीन-चार फुटांवरून काढलेली, उन्हात वाळवलेली, चाळलेली, रात्रभर भिजवलेली असते. ओल्या फडक्यात गुंडाळून पोळपाटाएवढी जाड वडी करतात आणि पोटावर ठेवतात, वीस मिनिटं ते अर्धा तास. पहिला मिनिटभर अंगावर शहारा येतो, मग पोट हळूहळू गार होत जातं आणि मला तर तिथेच डुलकी लागते. मातीच्या पट्टीने पोटातलं 'विष ओढून निघतं' असं ऐकाल, त्याला मी मान हलवतो आणि गप्प पडून राहतो. गारवा आणि अर्धा तास आडवं होणं, यानेच बरं वाटतं माझ्या समजुतीने. जखम, इसब, पुरळ असलेल्या कातडीवर मात्र माती नको.

सैल सुती कपडे, स्वतःचा टॉवेल, आणि जाण्याआधी दोन-अडीच तास पोट रिकामं. एनिमाबद्दल आधीच स्पष्ट विचारा. तो घ्यायलाच हवा असं नाही, नकार देता येतो. घेणार असाल तर नळी स्वतःची न्या, मेडिकलमध्ये कॅथेटर किरकोळ किमतीत मिळतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, मूळव्याध किंवा पोटाचं नुकतंच ऑपरेशन असेल तर एनिमा नकोच. पाळी चालू असताना आणि गरोदरपणात एनिमा, कटिस्नान, वाफ आणि उपवास चारही टाळायचे, त्यामुळे संकोच न करता सांगून टाकावं. बायकांनी मालिशसाठी बाईच मागावी, नसेल तर उठून यावं. आणि सोबत कुणाला खोलीत बसवायचं असेल तर त्याला नाही म्हणणाऱ्या जागी जाऊच नये.

पिशवीतल्या गोळ्या

आता माझ्या धंद्याचा भाग, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिल्या भेटीला गोळ्यांची चिठ्ठी नेऊ नका, गोळ्याच न्या. चिठ्ठीवर जुनी औषधं असतात, बदललेली नसतात. पिशवीत सगळं टाका, होमिओपॅथीच्या साबुदाण्यांसकट. आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ओता.

साखरेच्या गोळ्यांचे तीन प्रकार समजून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी साखर खाली पाडतात, काकूंसारखी. साखर ७० च्या खाली गेली की थरथर, घाम, धडधड. अजून खाली गेली की बेशुद्धी. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका बराच कमी. तिसरा प्रकार नवा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. यांच्यावर असताना कडक उपास केला तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखरेचा आकडा फार वर न जाता. उलट्या, पोटदुखी, दम लागणं सुरू होतं आणि केंद्रातला माणूस म्हणतो, "शुद्धी होतेय." हे रुग्णालयात जायचं दुखणं आहे.

उपासाने आणि वजन उतरल्याने साखर कमी होते का? होते. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. दिवसाला साधारण ८५० कॅलरीच्या आहारावर काही महिने ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षअखेरीस गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. पण त्यात फक्त सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेले घेतले होते, इन्सुलिनवरचे नव्हते, आणि गोळ्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी ठरवून बंद केल्या होत्या, रुग्णांनी परस्पर नाही. गोळ्या कमी होणं हे चांगलंच लक्षण. कमी करणारा हात मात्र ज्याने त्या लिहिल्या त्याचा हवा.

बीपीच्या गोळ्यांचं गणित वेगळं. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू, वरून मीठ एकदम बंद, वरून वाफ आणि रसाहार: प्रेशर धाडकन खाली येऊ शकतं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर वयस्कर माणसाचं सोडियम घटतं. आजोबा अचानक चमत्कारिक बोलायला लागले, दिवस-रात्र ओळखेनात, की घरचे म्हणतात वय झालं. बऱ्याचदा सोडियम घटलेलं असतं. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांना रोज शहाळं आणि भाज्यांचे रस पाजणं तर धोक्याचंच, त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते हृदयाची लय बिघडवतं. 'लो सोडियम' मीठही पोटॅशियमचंच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमध्ये वॉरफेरिन किंवा असिट्रोम असेल तर रोजच्या ग्लासभर पालक रसाने गोळीचा असर उतरतो, कारण पालेभाजीतलं व्हिटॅमिन 'के' नेमकं तिच्या उलट काम करतं. शिवाय जोरात मालिश केली तर अंगभर काळेनिळे डाग. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर तिथे मालिश करून घेऊच नका, गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

थायरॉइडची गोळी, फिटची गोळी, मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी, दीर्घकाळचं स्टेरॉइड, मनोविकाराची औषधं, टीबीचा कोर्स: यातलं काहीही कुणाच्याही सांगण्यावरून एका दिवसात तोडायचं नाही. 'औषधं हे विष आहे, आधी ती बंद करा' असं पहिल्या भेटीत कुणी म्हणालं, तर चपला घालून बाहेर या. फी बुडाली तरी चालेल.

माझी फजिती

एवढं सगळं ज्ञान असलेल्या माणसाने काय केलं ते ऐका. आठवड्याभराची पाठदुखी, म्हणून मी वाफ घ्यायला गेलो. लाकडी पेटीत बसवतात, डोकं तेवढं बाहेर, मानेभोवती टॉवेल. आत जायच्या आधी दोन ग्लास पाणी प्यायचं असतं आणि डोक्यावर ओलं फडकं ठेवायचं असतं. दहा ते पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. फॉर्मवर 'चालू औषधं' अशी रेघ होती. मी 'नाही' लिहिलं. का? बीपीची गोळी गेली सात वर्षं दात घासल्यासारखी घेतो, ती औषध वाटतच नाही.

बाराव्या मिनिटाला कानात दडे बसल्यासारखं झालं. पेटीचं दार उघडून उभा राहिलो आणि समोरच्या फरशीचे चौकोन एकमेकांत मिसळायला लागले. पुढचं आठवतं ते छताचा पंखा आणि पाय खुर्चीवर वर करून ठेवलेले. उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, घामाने पाणी जातं, गोळीने प्रेशर आधीच खाली धरलेलं. एकदम उठलो, मेंदूला रक्त पोचेना. काउंटरवर हेच मी लोकांना समजावतो. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने माझं प्रेशर घेतलं, ८८ वर ५४, आणि शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "किराणा."

वाफेने घाम येतो, हलकं वाटतं, आखडलेले स्नायू सुटतात. त्याने शरीर 'डिटॉक्स' होतं हे मात्र जाहिरातीतलं बोलणं. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं. सफाईचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, मूत्रपिंडं तर दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पहिल्या तीन दिवसांत उतरलेलं दोन किलो वजनही बहुतांश पाणीच, कारण शरीरातली साठवलेली साखर संपते तेव्हा तिला धरून बसलेलं पाणीही जातं. चौथ्या दिवशी काटा अडतो, त्यात निराश होण्यासारखं काही नाही.

आणखी एक शब्द ऐकायला मिळेल, 'रोगोद्रेक'. उपचाराने आजार आधी उसळतो, मग शांत होतो, असं सांगतात. उपासाच्या दुसऱ्या दिवशी डोकं दुखणं, चहा सुटल्याने चिडचिड होणं, इतपत ठीक आहे. पण छातीत दडपण, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, वाचा जाणं, काळी शौच, थांबत नाहीत अशा उलट्या, १०१ च्या वर ताप यांना उद्रेक म्हणायचं नाही. १०८ लावा. तसंच दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला, कारण नसताना उतरणारं वजन, छातीतली किंवा मानेतली गाठ यांचं निदान आधी, पट्टी नंतर.

रसांचं काय

तलावपाळीला किंवा उपवनला सकाळी चालायला गेलात की दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर असे रस विकणारे दिसतात. निसर्गोपचाराच्या कागदावरही दुधी असतोच. माझी आजी दुधी चिरताना दोन्ही टोकांची चकती कापून जिभेला लावायची, कडू लागला तर सरळ बाहेर. तेव्हा हसायचो. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याने रक्ताच्या उलट्या होतात, प्रेशर कोसळतं आणि माणसं दगावलीही आहेत. २०१० मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा असाच मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली, आणि सल्ला आजीचाच निघाला: चव घ्या, कडू असेल तर पिऊ नका. भाजीत कडवटपणा लगेच जाणवतो आणि आपण ताट सारतो. रस मात्र 'औषध आहे, कडूच असणार' म्हणून लोक नाक धरून गटागटा पितात. कडू रस दुसऱ्या कशात मिसळूनही पिऊ नका.

जलनेतीला, म्हणजे नाकातून पाणी घालून नाक धुवायला, नळाचं पाणी वापरू नका, उकळून कोमट केलेलं घ्या. पोटात गेलेलं पाणी वेगळं आणि नाकाच्या वरच्या टोकाला गेलेलं वेगळं. क्वचित आढळणारा पण मेंदूपर्यंत पोचला तर जवळपास हमखास जीव घेणारा नेग्लेरिया नावाचा अमिबा त्याच वाटेने जातो. सैंधव मिठाचा आग्रह झाला तर पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलंय का बघा, बहुतेक वेळा नसतं.

आणि उपास म्हणजे आपला उपास नव्हे. 'एकादशी दुप्पट खाशी' यावर वाढलेल्या लोकांना निसर्गोपचाराचा उपास पहिल्यांदा धक्काच देतो. साबुदाणा, वरी, शेंगदाण्याची आमटी यातलं काहीही नाही. तो सोडतानाही हळू सोडायचा असतो, आधी फळ, मग उकडलेली भाजी, मग भाकरी. एकजण पाच दिवसांच्या उपासानंतर राम मारुती रोडला थेट मिसळ खाऊन माझ्याकडे अॅसिडिटीचं पातळ औषध मागायला आला होता. त्याला दिलं, आणि हसलोही.

पैसे आणि वचनं

'मधुमेह मुळापासून', 'कॅन्सरवर हमखास' अशी पाटी किंवा पत्रक दिसलं तर तेवढंच कारण पुरे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा अशा जाहिरातींना बंदी घालतो, त्याच्या यादीत ५४ आजार आहेत, आणि मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब सगळे त्यात आहेत. पाटी लावणाऱ्याला एक तर कायदा माहीत नाही किंवा त्याची पर्वा नाही. डोळ्यांच्या बुबुळावरून सगळे आजार ओळखण्याची जादू, चुंबकाचं कडं, आल्कलाइन पाण्याचं मशीन यांवरही पैसे घालवू नका. पाणी कसलंही प्या, रक्ताचा सामू (पीएच, आम्ल-अल्कलीचं माप) शरीर ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतं.

एकवीस दिवसांचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका. एक बैठक घ्या, कागद घरी आणा, फॅमिली डॉक्टरला दाखवा. ते कपाळावर आठ्या घालतील, घालू द्या. विम्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने धरावं असं नियामकाचं सांगणं आहे. पण दाखल व्हायचं ठिकाण कंपनीच्या व्याख्येत 'आयुष रुग्णालय' बसतं का, आणि तुमचं दाखल होणं उपचारासाठी आहे की ताजंतवानं होण्यासाठी, यावर सगळं अडतं. दुसऱ्यासाठी पैसे मिळत नाहीत. जाण्याआधी कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं 'हो सर, होईल' दाव्याच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

चक्करीनंतर महिन्याभराने मी पुन्हा तिथेच गेलो. या वेळी पिशवी नेली आणि टेबलावर ओतली. त्या डॉक्टर मुलीने बीपीच्या पाकिटावरचं नाव बघितलं, मग माझ्याकडे, मग पाकिटावर मारलेला दुकानाचा शिक्का वाचला. काही बोलली नाही. कागदावर सगळ्यात वर लाल शाईने गोळीचं नाव लिहिलं, खाली 'वाफ नाही, गरम पाण्यात पाय, दहा मिनिटं'. दुखणाऱ्या कंबरेला शेक आणि रात्रीचं जेवण साडेसातला. उठता उठता म्हणाली, "काका, किराण्यात एनिमाचे कॅथेटर ठेवता का हो? आमच्याकडे रोज चार-पाच लागतात."

आता ठेवतो. काकूही परवा एक घेऊन गेल्या. साखरेच्या डॉक्टरांनी त्यांची ग्लिमेपिराइड निम्मी केलीय, रसाहार बंद आहे आणि गुडघे, त्यांच्याच शब्दांत, 'आहेत तसेच, पण कुरकुर कमी'.